पहिला गुन्हा हातात आला की... मुंबईत नव्याने रुजू झालेल्या फौजदारांसाठी

नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीतून बाहेर पडलेला फौजदार मुंबईतल्या पोलीस ठाण्यात पहिल्या रात्रपाळीला बसतो तेव्हा त्याला कलमं येत असतात, पंचनाम्याचा नमुनाही पाठ असतो. पहाटे कंट्रोलचा कॉल आला की मात्र आधी काय करायचं हे सुचत नाही. मी या शहरात तीस वर्षं तपास केला. आता निवृत्त आहे, तरी नव्या मुलामुलींचे फोन येत असतात. त्यांचे प्रश्न तेच आणि चुकाही त्याच, म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहून ठेवतो. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणार आहे. जे दिसलं ते दिसलं त्या वेळी आणि दिसलं त्या जागी लिहा. कोर्टात तुमची आठवण कामाला येत नाही, कागद येतो.

समजण्यासाठी एक गुन्हा धरू. जुलै महिना, लालबागमधली जुनी चाळ, दुसरा मजला. आजी केईएममध्ये भरती, म्हणून मुलगा आणि सून रात्री तिच्यापाशी. पहाटे साडेचारला परत आले तर मागच्या खिडकीची काच फुटलेली, कपाट उचकटलेलं, मंगळसूत्र आणि पाटल्या गायब. काचेच्या एका तुकड्यावर रक्ताचे दोन थेंब वाळलेले. ही रात्रीची घरफोडी झाली. भारतीय न्याय संहितेचं कलम ३३१(४) आणि ३०५.

निघण्याआधी

स्टेशन डायरीत नोंद करा: किती वाजता कॉल आला, कोणाला घेऊन, कोणत्या गाडीने निघालात. मग फॉरेन्सिक व्हॅन आणि फिंगरप्रिंटवाल्यांना फोन करा. घटनास्थळी पोहोचून परिस्थिती बघू आणि मग बोलावू, असं करू नका. ७ वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेचा गुन्हा असेल तर फॉरेन्सिक तज्ज्ञाने जागेवर येऊन पुरावे गोळा करावेत, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) मध्ये आहे (पुढे नुसतं 'कलम' म्हटलं तर ते याच संहितेचं). चोरीसाठी केलेल्या रात्रीच्या घरफोडीला १४ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणजे आपला गुन्हा त्यात बसतो. अर्धा तास उशिरा फोन केला की व्हॅन दुसरीकडे निघून जाते.

सोबत काय न्यायचं? चांगला टॉर्च, हातमोजे, खाकी कागदी पाकिटं, गॉज, मोजपट्टी, दोरा, लाख, पोलीस ठाण्याची मोहोर, पूर्ण चार्ज केलेला फोन. फोनमध्ये ई-साक्ष्य ॲप (पुराव्याचं चित्रण नोंदवायचं सरकारी ॲप) सुरू होतं की नाही ते ठाण्यातच तपासा. जिन्याखाली उभं राहून पासवर्ड आठवत बसलेले अधिकारी मी पाहिले आहेत.

दारात थांबा

चाळीत पोहोचाल तेव्हा अख्खी गॅलरी भरलेली असेल. शेजारच्या काकू आत जाऊन फिर्यादीला पाणी देऊन आलेल्या असतील, कोणीतरी कपाटाचं दार लोटून बघितलेलं असेल. रागावू नका, माणसं मदतच करत असतात. सगळ्यांना हळू आवाजात बाहेर घ्या आणि आत कोण कोण गेलं, कशाला हात लावला ते विचारून लगेच लिहून घ्या. त्या सगळ्यांच्या बोटांचे ठसे नंतर घ्यावे लागतात, नाहीतर काकूंच्या ठशामागे चार दिवस धावाल.

मग दारात दोन मिनिटं नुसते उभे राहा. हात मागे. नजर डावीकडून उजवीकडे, जमिनीपासून छतापर्यंत. दिवा आधीच चालू होता की आल्यावर लावला? फॅन? खिडकीची काच आत पडली आहे की बाहेर? आत पडली असेल तर बाहेरून फोडली, एवढं बहुतेकांना कळतं. कपाट खालच्या खणापासून उघडत गेलेलं आहे का, हे मात्र फार थोडे बघतात. सराईत चोर बऱ्याचदा खालून वर उघडत जातो, म्हणजे वरचा खण उघडताना खालचा बंद करावा लागत नाही. नवखा वरून सुरुवात करतो. यावर कोणाला अटक होत नाही, पण शोध कोणत्या दिशेने सुरू करायचा ते कळतं.

आता टॉर्च. दिवा असला तरी टॉर्च लावा आणि तो सरळ न मारता जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून तिरपा धरा. कपाटाच्या पत्र्यावर, खिडकीच्या चौकटीवर, लादीवर. सरळ उजेडात गुळगुळीत दिसणाऱ्या पत्र्यावर तिरप्या उजेडात बोटांच्या रेषा उठून दिसतात, लादीवर ओल्या चपलेची नक्षी दिसते. ठसे उचलायचं काम तज्ज्ञाचं. तुमचं काम ते दाखवणं आणि तोवर राखणं. पावसाचं पाणी खिडकीतून आत येत असेल तर बाहेरून प्लास्टिक लावा, पण चौकटीला हात न लावता.

रक्ताबद्दल थोडं सविस्तर सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत अशाच पावसाळ्यात माझ्याकडे एक गुन्हा होता. दाराच्या चौकटीवर चोराचं रक्त लागलं होतं. मी ते ओल्या गॉजवर घेतलं आणि घाईत तसंच छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून, सील करून मुद्देमालात ठेवलं. प्रयोगशाळेत पाठवायला आठ-दहा दिवस लागले. मुंबईचा जुलै, बंद खोली, ओला कापूस. रिपोर्ट आला की नमुना खराब झाल्याने निष्कर्ष काढता येत नाही. आरोपी सुटला. निकालाच्या दिवशी फिर्यादी बाई कोर्टाच्या जिन्यात मला म्हणाल्या, "साहेब, रक्त तर सापडलं होतं ना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हा नीट ऐका. काचेच्या तुकड्यावर वाळलेला थेंब असेल तर तुकडाच उचला, कडांना धरून. रक्ताला धक्का लागणार नाही असा कागदी खोक्यात बसवा. भिंतीवर किंवा चौकटीवर असेल तर गॉज डिस्टिल्ड वॉटरने जेमतेम ओलसर करून त्यावर घ्या, आणि शेजारच्या स्वच्छ जागेवरूनही वेगळ्या गॉजने एक नमुना घ्या. दोन्ही सावलीत पूर्ण वाळू द्या. उन्हात नको, फॅनच्या झोतातही नको. वाळल्यावरच कागदी पाकिटात. प्लास्टिक अजिबात नको. रक्ताचे कपडे असतील तर तेही असेच, आणि घडी घालताना मध्ये कागद ठेवा. मग सांताक्रूझ पूर्वेला, कलिनाच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत लवकरात लवकर पाठवा. पाकीट कोणी नेलं, किती वाजता निघाला, पोहोच कधी मिळाली, सगळ्याची नोंद हवी. नेणाऱ्या शिपायाचा जबाबही घेऊन ठेवा. बचावाचे वकील साखळीतली तीच कडी आधी ओढून बघतात.

फिर्याद

जागेवर एक माणूस ठेवा आणि फिर्यादीला ठाण्यात आणा. दखलपात्र गुन्हा समोर दिसत असेल तर तो नोंदवायचाच. ललिता कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्येच हे ठरवून टाकलं आहे. नुसता अर्ज घेऊन माणसाला परत पाठवायचं, किंवा लोकलच्या गर्दीत खिशातून काढलेला फोन 'हरवला' म्हणून लिहायचा, ही सवय कोणी शिकवत असेल तर शिकू नका. दादरच्या फलाटावर पाकीट मारलं गेलं आणि माणूस तुमच्याकडे आला तर हद्द लोहमार्ग पोलिसांची आहे, पण म्हणून त्याला पूल ओलांडून हाकलू नका. शून्य क्रमांकाने, म्हणजे हद्द न बघता, गुन्हा घ्या आणि लोहमार्ग पोलिसांकडे वर्ग करा. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद थेट कायद्यातच आहे, कलम १७३.

फिर्याद फिर्यादीच्या शब्दांत लिहा. इथे फिर्यादी मराठी बोलणाराच असेल असं नाही. हिंदीत, भोजपुरीत, तोडक्या मराठीत सांगतील. तुम्ही मराठीत लिहा, त्यांना कळेल त्या भाषेत वाचून दाखवा आणि 'वाचून दाखवले, बरोबर आहे' हे कोणत्या भाषेत वाचलं त्यासकट नमूद करा. प्रत फुकट द्यायची, त्याच वेळी.

दागिन्यांचं वर्णन करताना घाई नको. 'सोन्याचे मंगळसूत्र एक नग' एवढ्यावर थांबू नका. किती पदरी, वाट्या किती, एखाद्या वाटीला पोचा आहे का, पाटल्यांवर नक्षी कोणती, पावती आहे का, सोनार कोण, ते सगळं विचारा. पावती नसेल तर लग्नाचा अल्बम मागा. ते मंगळसूत्र गळ्यात असलेला फोटो मिळतोच. सोनं आटणीत गेलं की ओळख पुसते, म्हणून हे वर्णन आणि फोटो पहिल्याच दिवशी हाती हवेत. आपल्या गुन्ह्यात सूनबाई सांगतील की उजव्या वाटीला पोचा आहे. ते लिहा.

पंच आणि पंचनामा

दोन पंच, त्याच भागातले, स्वतंत्र. ठाण्याबाहेर चहा पीत बसलेला, दर आठवड्याला तुमच्यासाठी सही करणारा पंच घेऊ नका. उलटतपासात 'आधी किती पंचनामे केलेत?' या एका प्रश्नात केस जाते. चाळीतलाच, पण फिर्यादीचा नातेवाईक नसलेला माणूस बघा. समजावून सांगा, दोन-तीन वर्षांनी कोर्टात यावं लागेल हेही लपवू नका. ज्याला आधी सांगितलेलं असतं तो बहुतेक वेळा येतो.

झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण करायचं आहे, कलम १०५. सुरुवातीपासून सील होईपर्यंत, मध्ये न तोडता. आणि ते विलंब न करता न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पोहोचलं पाहिजे. पंचनाम्यात अंतरं मोजून लिहा. 'खिडकीजवळ' नको, 'खिडकीपासून २ फूट ४ इंच' हवं. हातनकाशा काढा, उत्तर दिशा दाखवा. वाईट चित्र चालेल, चुकीचं माप चालणार नाही.

चाळीला विचारा

तांत्रिक तपासाचं वेड आलं आहे. तो हवाच, पण तरुण अधिकारी आता माणसांशी बोलायला कंटाळतात, हे मला खुपतं. लालबागच्या चाळीत पाणी पहाटे येतं. पाणी आलं की दहा घरांत बादल्या वाजतात. मावशींना 'रात्री कोणी संशयित दिसलं का?' असं विचाराल तर उत्तर नाहीच येणार. 'मावशी, आज पाणी किती वाजता आलं? तुम्ही उठलात तेव्हा जिन्यातला दिवा चालू होता का?' असं विचारा. माणसाला घटना आठवत नाही, स्वतःची कामं आठवतात. त्या कामांच्या आजूबाजूला घटना सापडते.

जुलैमध्ये लालबाग-परळला गणपतीचे कारखाने रात्रभर चालू असतात. रंगकाम करणारी मुलं दर तासाला चहाला बाहेर येतात. दूधवाला, पेपरवाला, कचरा उचलणारे, पहिल्या लोकलला निघणारे. ही सगळी तुमची माणसं. त्यांना ठाण्यात बोलावू नका, त्यांच्या वेळेला तुम्ही जा. बाई, १५ वर्षांखालचं मूल, ६० वर्षांवरचे पुरुष, दिव्यांग किंवा गंभीर आजारी माणूस यांना तर ठाण्यात यायला सांगताच येत नाही, त्यांच्या घरीच जायचं. आणि एक नेहमीची चूक: कलम १८० खालच्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते. पंचनाम्यावर घ्यायची असते. नवी मुलं दोन्हींची सरमिसळ करतात.

कॅमेरे

त्याच दिवशी. जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं, कुठे महिन्याने तर कुठे आठवड्यातच. मंडळाचा कॅमेरा, मेडिकल दुकानाचा, कारखान्याचा, समोरच्या सोसायटीचा. कुठे कुठे कॅमेरा आहे आणि तो कुठे बघतो, याचा हातनकाशा करा.

डीव्हीआरसमोर, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्रासमोर, बसलात की पहिलं काम त्याचं घड्याळ बघणं. स्वतःचा मोबाइल पडद्याशेजारी धरा, दोन्ही वेळा एका फोटोत घ्या. डीव्हीआर ११:५२ दाखवतो आणि फोन ११:३१, म्हणजे डीव्हीआर २१ मिनिटं पुढे. हे पंचनाम्यात लिहा. लिहिलं नाही तर आरोपी एका कॅमेऱ्यात पोहोचण्याआधीच दुसऱ्यात दिसतो, आणि मग कोणताच कॅमेरा खरा राहत नाही. चित्रण घेताना हॅश व्हॅल्यू (फाइल नंतर बदललेली नाही हे दाखवणारा संकेतांक) काढा आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र घ्या. भाग 'अ' यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, भाग 'ब' तज्ज्ञाचा. जुन्या कायद्यातल्या ६५ब च्या प्रमाणपत्राबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन खोतकर प्रकरणात स्पष्ट सांगितलं की मूळ यंत्र हजर करत नसाल तर ते टाळता येत नाही. दुकानदार सहा महिन्यांनी दुकान विकून गावी जातो, तेव्हा प्रमाणपत्र त्याच दिवशी.

संशयित

ठसे मिळाले असतील तर अँबिस प्रणालीत ते जुन्या गुन्हेगारांच्या नोंदींशी ताडून बघता येतात. गुन्ह्याची पद्धत, अलीकडे जेलमधून सुटलेले, त्या भागातले खबरी हे सगळं तुमचा डिटेक्शनचा हवालदार तुमच्यापेक्षा जास्त जाणतो. त्याला 'हवालदारसाहेब' म्हणा आणि ऐका. पंधरा वर्षं त्याच हद्दीत फिरलेल्या माणसाकडे जे आहे ते कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये नाही.

अटक

खरी वेळ लिहा. सकाळी आणलेला माणूस संध्याकाळी अटक दाखवणं हा गुन्ह्यापेक्षा मोठा घोळ आहे, आणि ठाण्यातल्या कॅमेऱ्यात तो दिसतो. न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करण्याचे २४ तास त्याच क्षणापासून मोजायचे. तुमच्या छातीवर नाव स्पष्ट हवं. अटकेच्या मेमोवर घरच्याची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची सही, नातेवाइकाला खबर, कारणं लेखी आणि त्याला कळेल त्या भाषेत, वैद्यकीय तपासणी. यातलं बहुतेक १९९६ च्या डी. के. बसू निकालापासून चालत आलं आहे. ७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक गरजेची का, हे लिहून काढा. लिहिता येत नसेल तर कलम ३५(३) ची नोटीस द्या. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्याने न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागते.

साक्षीदाराने आरोपी पाहिला असेल तर ओळख परेड होईपर्यंत त्याचा चेहरा झाकलेला ठेवा. ठाण्यातून कोर्टात नेताना, कोर्टाच्या आवारात, लॉकअपमध्ये. फोटो कोणाला पाठवू नका, पत्रकारांना तर मुळीच नाही.

विचारपूस

हात उचलू नका. कायदा म्हणून सांगतो, माणूस म्हणूनही सांगतो, आणि तपास अधिकारी म्हणूनही. पोलिसापुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, साक्ष्य अधिनियमाचं कलम २३. मार खाल्लेला माणूस तुम्हाला हवं ते बोलतो, खरं बोलत नाही. आणि मग खरा चोर बाहेर फिरत राहतो.

विचारपुशीआधी स्वतः तयारी करा. घटनास्थळाचे फोटो, कॅमेऱ्यांच्या वेळा, सगळं डोक्यात. जे तुम्हाला आधीच माहीत आहे ते मध्येच विचारा, खोटं तिथे कळतं. घर, गाव, आई, कामधंदा यावर बोलू द्या. हातावरची जखम कशी झाली ते मात्र तुम्ही सुचवू नका, त्याला सांगू द्या आणि जसं सांगेल तसं लिहा. डॉक्टरांकडून डीएनएसाठी रक्ताचा नमुना घ्या, कलम ५१. काचेवरचे दोन थेंब त्या दिवसाची वाट बघत बसले आहेत.

निवेदन पंचनामा

घरफोडीत केस इथेच उभी राहते किंवा पडते. पोलीस कोठडीतला आरोपी म्हणाला की सोनं कुठे ठेवलं ते दाखवतो, तर आधी पंच बोलवा. पंचांसमोर त्याला पुन्हा सांगू द्या आणि त्याचेच शब्द 'मी' लावून लिहा. 'मी मंगळसूत्र अमुक खोलीच्या पोटमाळ्यावर पत्र्याच्या डब्यात ठेवले आहे, ते काढून देतो.' सह्या. मग निघा. वाट आरोपी दाखवेल, गाडी तो सांगेल तिथे वळेल, डबा तो काढेल. निघण्याची वेळ, कुठून गेलात, कुठे उतरलात, सगळं पंचनाम्यात. ब्रिटिश काळातल्या प्रिव्ही कौन्सिलच्या पुलुकुरी कोट्टय्या निकालापासून नियम हाच आहे: जेवढ्या बोलण्यातून वस्तू सापडली तेवढंच बोलणं पुराव्यात येतं. डबा कुठे आहे हे तुम्हाला आधीच माहीत होतं असं दिसलं, की सगळं गेलं. सोनाराला बोलावून जागेवर वजन करा. वाट्या मोजा. उजव्या वाटीचा पोचा पंचनाम्यात लिहा, फिर्यादीत लिहिला होता तसाच.

मंगळसूत्र विकलं असेल तर सोनाराचा जबाब घ्या. चोरीचं आहे हे माहीत असून घेतलं असं दिसत असेल तर तोही आरोपी, न्याय संहितेचं कलम ३१७.

डायरी, मुदत, दोषारोपपत्र

केस डायरी रोज लिहा. किती वाजता सुरू केलं, कुठे गेलात, काय कळलं, किती वाजता थांबलात. आठवड्याची एकदम लिहिलेली डायरी शाईवरूनही ओळखू येते.

दोषारोपपत्राची मुदत गुन्ह्यानुसार ६० किंवा ९० दिवस. तुम्ही कायम ६० धरून चला. ९० च्या भरवशावर राहिलेल्या अधिकाऱ्याचा आरोपी मुदत संपल्यावर हक्काने जामीन घेऊन जातो. पोलीस कोठडीचे १५ दिवस आता टप्प्याटप्प्याने मागता येतात, पण प्रत्येक रिमांड रिपोर्टमध्ये कोणता तपास बाकी आहे ते ठोस लिहा. 'अधिक तपास करावयाचा आहे' या वाक्यावर न्यायाधीश हल्ली मान वर करत नाहीत.

तपास कुठवर आला हे फिर्यादीला ९० दिवसांच्या आत कळवायचं आहे, कलम १९३. मी म्हणेन, महिन्यात एकदा फोन करा. आजी घरी आल्या का तेही विचारा.

दागिने परत द्यायला खटला संपायची वाट बघू नका. सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या सुंदरभाई देसाई निकालात सांगितलं आहे की फोटो, पंचनामा आणि बंधपत्र घेऊन मुद्देमाल लवकर परत करावा. फिर्यादीला अर्ज करायला सांगा, तुमचा 'हरकत नाही' चा अहवाल वेळेत द्या. आदेश आला की ठाण्यात बोलवा, खुर्ची द्या, त्यांच्यासमोर वजन करा. सूनबाई काट्याकडे बघणार नाहीत, त्या वाटी उलटी करून पोच्यावर बोट फिरवतील. त्यांना वेळ द्या. मग पोचपावतीवर सही घ्या आणि स्टेशन डायरीत नोंद करा.